ईएसपी-३२ बोर्ड : तीन छाटण्यांनंतरचं मत

हा बोर्ड पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत साडेचारशे रुपयांना घेतला. ऑनलाइन थोडा स्वस्त पडला असता, पण मला त्याच संध्याकाळी हवा होता. शिवाय दुकानदाराने न सांगता पिना सोल्डर केलेला बोर्ड शोधून दिला, म्हणून घासाघीस केली नाही. काडेपेटीएवढी वस्तू : आत प्रोग्रॅम टाकून सेन्सर, दिवे जोडायचा चिमुकला कॉम्प्युटर. एका टोकाला यूएसबीचं तोंड, दोन बाजूंना पिनांच्या रांगा, मधे पत्र्याचं चौकोनी टोपण. त्या टोपणाखाली जी चिप आहे तिच्याबद्दल आजवर माझं एकदाही वाईट मत झालेलं नाही. बाकी सगळ्याबद्दल झालं. ते पुढे येईलच.

मी हिंजवडीत प्रोग्रॅमिंगची नोकरी करते. जावा, स्प्रिंग बूट, परदेशातल्या एका विमा कंपनीचे फॉर्म. घर तासगाव तालुक्यात, दीड एकर द्राक्षबाग. शीर्षकातल्या छाटण्या त्याच बागेच्या. दहावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत प्रवेश. डिप्लोमाला ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, होता. इंटेलने १९८० साली काढलेला, आतली रॅम १२८ बाइट. त्याचे प्रोग्रॅम आम्ही कागदावर लिहायचो आणि मास्तर कागदावरच तपासायचे. दिवा लुकलुकवायचा प्रोग्रॅम मला पाठ होता, दिवा लुकलुकलेला मात्र मी एकदाच पाहिला, तोही दुसऱ्या बॅचच्या टेबलावर.

आणि एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे परीक्षण अर्धवट राहील. डिग्रीच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांच्या गटाने प्रोजेक्ट विकत आणला होता. नऊ हजारांना, रिपोर्टच्या बांधणीसकट. नाव होतं ‘स्मार्ट इरिगेशन सिस्टिम’. तुळशीच्या कुंडीत दोन दातांचा सेन्सर खोचायचा, कुंडीत पाणी ओतायचं, छोटा पंप बंद व्हायचा, परीक्षक मान डोलावायचे. बागायतदाराच्या पोरीने पाण्याचा प्रोजेक्ट विकत घेऊन मार्क मिळवले. घरी मी प्रोजेक्टचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. आप्पांनी विचारलं असतं, “आपल्या बागंत बसंल का?”

बागेत तो पंधरवडासुद्धा टिकला नसता. ते दोन दात उघड्या धातूचे असतात. त्यांच्यातून मातीत वीज सोडून विजेला होणारा विरोध मोजायचा, म्हणजे ओल्या मातीत एक दात हळूहळू विरघळत जाणार. हे मला डिग्री मिळून तीन वर्षं झाल्यावर कळलं, स्वतःच्या पैशाने असा एक सेन्सर कुजवून.

आता गरज काय होती ते. आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाइट आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आप्पा दीड-दोनला उठून बॅटरी घेऊन मळ्यात जातात. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ‘ऑटो’ आहे, मोबाइलवरून चालू होणारे स्टार्टरही बाजारात मिळतात. प्रश्न मोटरचा नाहीच. ठिबकचे व्हॉल्व प्लॉटप्रमाणे फिरवायला, फिल्टर धुवायला माणूस लागतो. आणि तिथे गेल्यावर पुष्कळदा असं होतं की आप्पा माती हातात घेतात, मूठ दाबतात आणि तसेच परत येतात. माती वापशावर असते, म्हणजे ना चिखल ना कोरडी, पाण्याची गरजच नसते. सापाकिरड्यातून गेलेली ती फेरी वाचवायची, एवढंच काम मला या बोर्डाकडून हवं होतं.

बोर्डाची ओळख थोडक्यात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६मध्ये आली. त्याआधीच्या ईएसपी-८२६६ने स्वस्तात वायफाय म्हणजे काय ते हौशी लोकांना दाखवून दिलं होतं. ही त्याची मोठी आवृत्ती. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आत. शिकाऊ लोकांचा आवडता बोर्ड आर्डुइनो ऊनो (जुना, आर३) याच्यासमोर ठेवला तर त्याची रॅम २ केबी आणि वायफाय नाही. म्हणून ‘मी ऊनो घेऊ का?’ असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. त्यात एक मेख आहे : ऊनो पाच व्होल्टवर चालतो आणि त्याची कातडी जाड आहे. ईएसपी ३.३ व्होल्टचा आहे. त्याच्या पिनेला पाच व्होल्ट दाखवू नका.

मी दाखवले नाहीत. मी त्याहून मोठा पराक्रम केला, बॅटरीच्या वायरी उलट जोडल्या. पहिला बोर्ड तिसऱ्याच रविवारी गेला. ऑफिसात चूक झाली की मागची आवृत्ती परत आणायची आणि चहा प्यायला जायचं. इथे चुकीला वास येतो. तो वास माझ्या खोलीतल्या चादरीला दोन दिवस होता आणि रूममेट अजून त्या बोर्डाला ‘भाजका’ म्हणते.

पहिली संध्याकाळ केबलने खाल्ली. बोर्डावरचा लाल दिवा लागतोय, पण लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही. ड्रायव्हर (बोर्ड ओळखायला लॅपटॉपला लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, काढला, दुसरा टाकला. शेवटी कळलं की माझी केबल फक्त चार्जिंगची, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. नवीन माणसाला माझा पहिला सल्ला हाच राहील : मोबाइलबरोबर आलेली चांगली केबल वापरा. बारीक, लांब केबलने आणखी एक गंमत होते. वायफाय सुरू होताना बोर्ड एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड लॅपटॉपच्या स्क्रीनवर ‘ब्राउनआउट’ असं छापून पुन्हा सुरू होतो. पुन्हा पुन्हा. आपल्याला वाटतं आपला प्रोग्रॅम चुकला.

त्यानंतरच्या दोन रात्री मात्र पूर्णपणे माझ्या आगाऊपणाच्या. सेन्सर एकटा चालायचा, वायफायही एकटं चालायचं, दोन्ही एकत्र केले की सेन्सरचा आकडा कचरा. या चिपमध्ये व्होल्टेज मोजणारे दोन संच आहेत. त्यातला दुसरा संच वायफाय चालू असताना वापरता येत नाही. माझा सेन्सर नेमका २६ नंबरच्या पिनेवर, म्हणजे दुसऱ्या संचात. ३२ ते ३९ या पिनांवर घेतला की काम झालं. हे सगळं कंपनीच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. मी ते वाचलं, पण तिसऱ्या दिवशी. त्या दिवसापासून स्वारगेट ते सांगली एसटीत डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) वाचायची सवय लागली. कादंबरीपेक्षा बरी, शिरवळपर्यंत झोप येते.

सेन्सरबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं, कारण बोर्डापेक्षा जास्त त्रास त्यानेच दिला. कुजणाऱ्या दोन दातांऐवजी आता कपॅसिटिव्ह सेन्सर मिळतो. काळ्या पट्टीसारखा, धातू लाखेच्या थराखाली, मातीला शिवत नाही. ऐंशी रुपयांना एक. मी सहा घेतले. सहातले दोन निकामी निघाले, आणि दोघांची कारणं वेगळी. एकावर जी टायमरची चिप होती ती ३.३ व्होल्टवर चालतच नाही. बाहेरून पट्टी तशीच, फक्त चिपवरची अक्षरं वेगळी : टीएलसी५५५ हवं, एनई५५५ नको. दुसऱ्यावरचा एक रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे उणे बाजूला, जोडलेलाच नव्हता. पट्टी पाण्यात बुडवली तर आकडा बदलायला मिनिटभर लावायची. मल्टीमीटर (व्होल्टेज, विरोध मोजायचं यंत्र) सिग्नल आणि ग्राउंडच्या मधे धरला की साधारण एक मेगाओहम दिसायला हवं. नाही दिसलं तर पट्टी परत द्या. मी ही परीक्षा आता दुकानातच उभी राहून करते. काउंटरवरचा पोरगा वैतागतो, पण मल्टीमीटर त्याचाच देतो.

पट्टीच्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरतं. त्यावर उपाय नेलपॉलिश. कडांना तीन हात, मग वरच्या बाजूला जिथे चिप आहे तिथे हीट-श्रिंकची (गरम केल्यावर आवळणारी) नळी आणि इपॉक्सीचा गोंद. आईने तिच्या कपाटातली गुलाबी बाटली दिली. त्यामुळे आमच्या बागेतले सगळे सेन्सर गुलाबी काठाचे आहेत.

आणि मग आला खरा विषय. सेन्सर आकडा देतो. हवेत धरला तर माझ्या एका पट्टीचा २,७००च्या आसपास, पाण्याच्या ग्लासात १,२००. ओल वाढली की आकडा उतरतो. छान. पण बागेला पाणी कधी सोडायचं? इंटरनेटवर जिकडेतिकडे हवा म्हणजे शून्य टक्के, पाणी म्हणजे शंभर टक्के, असं गणित. माती म्हणजे पाण्याचा ग्लास नव्हे. माझ्या गणिताने ‘५५ टक्के’ आलं तेव्हा आप्पांनी मूठ उघडून दाखवली. मातीचा लाडू झाला होता, बोटाने टोकरल्यावर फुटला. “ह्यो वापसा. ह्याला तुझं मशीन काय म्हणतंय?”

तिथून मी उलटं सुरू केलं. दहा दिवस सुट्टी घेऊन गावी राहिले (ऑफिसात सांगितलं घरी कार्य आहे). सकाळ-संध्याकाळ आप्पा सेन्सरशेजारची माती एक वीत खोलवरून काढायचे, मूठ दाबायचे आणि तीनातला एक शब्द सांगायचे : कोरडी, वापसा, ओली. मी समोर आकडा लिहायचे. सेन्सरकडे बघून शब्द बदलायचा नाही असं ठरलं होतं, आणि आप्पांनी ते कसोशीने पाळलं. ते तर मी लॅपटॉप उघडला की पाठ फिरवायचे. दहा दिवसांनी चित्र स्पष्ट झालं. काळ्या मातीच्या प्लॉटात वापसा १,६५० ते १,९५०च्या दरम्यान. वरच्या मुरमाड तुकड्यात तोच वापसा २,००० ते २,२००. आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी पुरल्या तरी त्यांचे आकडे शंभरने वेगळे. म्हणजे कुणाचे तयार आकडे उचलून तुमच्या शेतात चालणार नाहीत, माझेही नाहीत. डिग्रीच्या तीन वर्षांत ‘कॅलिब्रेशन’ची, म्हणजे उपकरणाचा आकडा खऱ्याशी ताडून बसवण्याची, व्याख्या मी पाच मार्कांसाठी दोनदा लिहिली होती.

पुढचा अध्याय, मळा ते घर. अंतर सरळ रेषेत सहाशे मीटर. घरचं वायफाय गोठ्यापर्यंतही येत नाही. पहिला उपाय म्हणून पंपघरात जुना मोबाइल हॉटस्पॉट लावून ठेवला. बोर्ड बॅटरी वाचवायला अर्धा तास झोपायचा, उठून आकडा पाठवायचा, पुन्हा झोपायचा. तेवढ्यात मोबाइल म्हणायचा, कुणीच जोडलेलं नाही, करा बंद. बोर्ड उठायचा तेव्हा हॉटस्पॉट झोपलेला. दोघांची गाठच पडेना. आठवडाभर त्या दोघांना उठवण्यात गेला. शेवटी मी मोबाइल काढून आणला. त्यात एका गांधीलमाशीने घर करायला घेतलं होतं.

मग लोरा. ही रेडिओची वेगळी जात आहे : थोडाच डेटा, पण लांब जातो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. एसएक्स१२७६ या लोरा चिपचे दोन मॉड्यूल घेतले, एक मळ्यातल्या बोर्डाला, एक घरच्या. अँटेना म्हणून साडेआठ सेंटीमीटरहून किंचित लांब सरळ तार, लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. ऑक्टोबर छाटणी उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी लावलं आणि पहिल्याच झटक्यात चाललं. शंभरातले शंभर निरोप घरी पोचले. मी आनंदाने पुण्याला आले.

नोव्हेंबरच्या मध्यापासून निरोप गळायला लागले. आधी शंभरातले दहा, मग चाळीस, मग कधीतरीच एखादा. मी पुण्यात बसून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. दोन आठवडे शोधली. घरी फोनवर आईशी बोलताना ती सहज म्हणाली, “बाग काय भरलीय यंदा, आतून आभाळ दिसत न्हाय.” आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. छाटणीनंतर मांडवावर नुसत्या काड्या होत्या. आता पानांचं छप्पर झालं होतं, आणि पान म्हणजे पाणी, रेडिओ लहर पिऊन टाकणारं. माझी अँटेना मांडवाखाली कंबरेएवढ्या उंचीवर. बारा फुटी पाइपावर मांडवाच्या वर नेली, सगळे निरोप पुन्हा सुरू. बागायतदाराच्या घरात जन्मून मी टेस्टिंग बिनपानाच्या बागेत केलं, याची लाज नऊ हजारांच्या प्रोजेक्टइतकीच वाटते.

बॅटरीचं दुखणं या बोर्डाची एकमेव खरी मर्यादा म्हणता येईल, आणि तीसुद्धा चिपची नव्हे. गाढ झोपेत चिप दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास खाते असं डेटाशीट सांगते. त्या हिशेबाने २,५०० एमएएचचा सेल वर्षानुवर्षं पुरावा. माझा अकराव्या दिवशी संपला. चिप झोपली होती, पण बोर्डावरचा लाल दिवा जागा होता आणि स्वस्त रेग्युलेटरही (व्होल्टेज ३.३वर आणणारा भाग) जागाच. दोघे मिळून दहाएक मिलिअँपिअर, म्हणजे हजारपट. लाल दिवा मी उचकटून काढला, रेग्युलेटरला बगल देऊन ३.३ व्होल्टच्या पिनेवर एचटी७३३३ हा दुसरा रेग्युलेटर लावला, जो स्वतः जवळपास काही खात नाही. सेन्सरची वीजही बोर्डाच्याच एका पिनेवरून दिली, म्हणजे मोजायच्या क्षणापुरताच तो जागा. वर छोटं सोलर पॅनल. आता सेल भरलेलाच असतो. हे सगळं करायची तयारी नसेल तर हा बोर्ड भिंतीवरच्या चार्जरवर वापरावा, शेतात नेऊ नये.

डब्याबद्दल दोन शब्द. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पाणी न शिरणारा जंक्शन बॉक्स, वायर आत घ्यायला रबरी ग्लँड. पाणी शिरलं नाही, मुंग्या शिरल्या. अंड्यांसकट. आणि बोर्डो फवारल्यावर, म्हणजे मोरचूद आणि चुना, उघडी राहिलेली प्रत्येक पिन निळी-हिरवी. दर फवारणीआधी डब्यावर आता खताची पिशवी चढते. ही कल्पना आप्पांची, खर्च शून्य.

आता माझ्या आवडत्या भागाकडे, जो वाया गेला. मी डॅशबोर्ड केला होता. आलेख, चार प्लॉट, सात दिवसांचा ओलावा, बोट ठेवलं की आकडा. देखणा होता. आप्पांच्या मोबाइलवर आयकॉनही टाकून दिला. महिन्याने सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. एक्केचाळीस वेळा उघडला गेला होता. त्यातले चाळीस वेळा मी. उरलेल्या एका वेळी मी आप्पांच्या शेजारी बसले होते.

“आप्पा, तुम्ही बघत का नाही?”

“आकडं बघून मी काय करू? रातीचं उठायचं का न्हाय, एवढं सांग.”

म्हणून घरच्या बोर्डाला दोन दिवे लावले आणि तो सोप्यात आप्पांच्या खाटेसमोर खिळ्याला टांगला. लाल म्हणजे उठा. हिरवा म्हणजे झोपा. सत्तर रुपयांच्या या भागाने दीड महिन्याच्या डॅशबोर्डाचं काम काढून घेतलं. त्याच आठवड्यात आप्पा रात्री दोनदा कूस बदलून दिव्याकडे बघून परत झोपले, हे आईने मला फोनवर सांगितलं. आप्पांनी स्वतः काहीच सांगितलं नाही.

जानेवारीत दिवा खोटं बोलला. द्राक्षांचा माल साखर भरत होता, आणि तीन दिवस दिवा हिरवा तो हिरवा. चौथ्या दिवशी फोन : “तुझा दिवा लबाड हाय. माती पार भुकटी झालीया.” नशीब, आप्पांनी मुठीवरचा विश्वास सोडला नव्हता. गावी जाऊन बघितलं तर मळ्यातला बोर्ड इमानदारीत आकडे पाठवत होता, घरचाच अडकला होता. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद तो एका ३२ बिटांच्या खान्यात मोजतो. ते खानं ४९ दिवस १७ तासांनी भरतं आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. माझ्या प्रोग्रॅमने पुढच्या तपासणीची वेळ म्हणून एक मोठा आकडा धरून ठेवला होता, घड्याळ शून्यावर गेलं, ती वेळ काही येईना. ही चूक पहिल्या दिवसापासून होती. पण पूर्वी घरची लाइट दर दोन दिवसांनी जायची, बोर्ड पुन्हा सुरू व्हायचा आणि माझी चूक झाकली जायची. मीच हौसेने तो इन्व्हर्टरवर घेतला आणि उघडी पडले. जावाच्या नोकरीत मला हे खानं कधी भरताना दिसलं नसतं, तिथे मिलिसेकंद ६४ बिटांच्या खान्यात मोजतात.

दुरुस्ती एका ओळीची होती. वेळा थेट ताडून न बघता वजाबाकी करून बघायची. पण त्याच दिवशी तिसरा, पिवळा दिवाही लावला. तासाभरात मळ्यातून निरोप आला नाही तर लाल-हिरवा दोन्ही बंद, पिवळा चालू. अर्थ : मला माहीत नाही, तुम्ही बघा. आप्पांना तिघांत हा दिवा सगळ्यात पटला. “ह्यो बरा,” म्हणाले, “कळत न्हाय तर कळत न्हाय म्हणतोय.”

खर्चाची वही समोर आहे. एकूण ४,१८० रुपये, त्यात भाजक्यासकट तीन बोर्डांचे १,३५०. वेळ धरला नाही, हे परीक्षण आईही वाचेल.

घ्यावा का? प्रोग्रॅमिंग येत असेल आणि इलेक्ट्रॉनिक्सची भीती असेल तर हाच घ्या. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरवर चालतो, पायथॉनची सवय असेल तर मायक्रोपायथॉनवर चालतो. अडलात तर तुमच्याआधी कुणीतरी तिथेच अडलेलं सापडतंच, आणि नवख्याला चिपच्या वेगापेक्षा हेच उपयोगी. नंतर आलेला सी-३ प्रकारही चांगला आहे, एकच कोर, पण पुरतो. मी जुनाच सुचवते कारण उत्तरं जास्त सापडतात. दोन एकत्र घ्या, एक जळेल. मोटर किंवा स्टार्टर याच्या रिलेवरून (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवरून) चालू-बंद करायला जाऊ नका. थ्री फेजचं काम वायरमनचं. आणि कॉलेजातल्या पोरांना, ज्यांच्यासमोर नऊ हजारांवाला दुकानदार आत्ता उभा असेल : त्याचा प्रोजेक्टही बहुधा याच बोर्डावर असतो. साडेचारशेला तोच घेऊन स्वतः बिघडवा. कुंडीत मात्र ठेवू नका, परसातल्या आळ्यात तरी पुरा.

मागच्या वेळी गावी गेले तेव्हा सोप्यातल्या कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने खुणा दिसल्या. आधी वाटलं खतांच्या तारखा असतील. आईला विचारलं तर म्हणाली, “त्यांचं ते दिव्याचं चाललंय.” आप्पा रोज सकाळी मळ्यात जाऊन मूठ दाबतात आणि रात्रीचा दिवा बरोबर होता का ते लिहितात. बरोबर तर टिकली, चूक तर फुली. एकतीस दिवसांत सत्तावीस टिकल्या, चार फुल्या. ऑफिसात टेस्टिंगवाले माझ्या कामाची एवढी नोंद ठेवत नाहीत.

चारपैकी दोन फुल्या भांगलणीच्या, बाईच्या खुरप्याने पट्टी वर आली होती. एक मुंग्यांची. चौथी १९ तारखेची. त्या रात्री दिवा लाल होता, आप्पा उठून गेले, माती वापशावर. मळ्यातली नोंद पाहिली तर आकडा रात्री अकराला २,४००वर उडी मारून पहाटे आपोआप खाली आलेला. ढग नव्हते, फवारणी नव्हती, कुणी गेलं नव्हतं. सेन्सर जागच्या जागी. शनिवारच्या एसटीचं तिकीट काढलंय, पिशवीत मल्टीमीटर आणि नेलपॉलिशची नवी बाटली.